दोन शुद्ध अष्टम्या

समिधाच्या हळदीच्या दुपारी आम्ही पाच-सहा बायका मांडवात बसून खाडीतले शिंपले, तिसऱ्या, निवडत होतो, तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली एक बाई सरळ आत आली. साल २०१२. समिधा माझी एकुलती एक मुलगी, म्हणून ते साल माझ्या डोक्यात पक्कं आहे. बाकीची सालं मला नंतर वहीवरून कळली.

बाईच्या पायात रबरी बूट, खांद्याला पिशवी, केस अर्धे पिकलेले. माझी धाकटी जाऊ मंदा माझ्या कानाशी लागली.

"नवऱ्याकडची हाय का गो वयनी?"

"नवऱ्याकडची अशी येल काय?"

बाईनं कुणाला नमस्कार केला नाही. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, टोपलीतली एक तिसरी उचलली आणि अंगठ्याच्या नखानं दाबली. शिंपला मोडला.

"ह्या कुठून काढल्यात?"

"कुठून म्हंजे? आमच्या खाडीतून. नाल्याच्या तोंडाशी."

"पूर्वीही नखानं मोडायच्या?"

मी जरा आठवलं. "माझी सासू होती तवा विळीवर जोर द्यावा लागायचा. पातं बोथट व्हायचं. आता नुसती दाबली तरी चुरा होतंय."

तिनं पिशवीतून वही काढली आणि मी बोलले ते लिहून घेतलं. मी बोललेलं कुणी कागदावर उतरवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग मंदा म्हणाली, "आता उठा बाई, न्हायतर तुमाला पन हळद लागंल." आणि लावलीच. गालाला हळद, पायाला चिखल अशी ती बाई उत्तनच्या रस्त्यानं चालत गेली.

ती शुभदा केळुसकर. मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होती. गिरगावातली खोली सोडून नवरा-बायको भाईंदर पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहायला आली होती. नवरा आत्माराम विमा कचेरीत. आल्यापासून ही बाई सुटीच्या दिवशी खाडी बघत फिरायची. आमच्या मोरवा गावात कुणी तिला म्युनिसिपालटीची समजायचं, कुणी बिल्डरची. माझा नवरा लीलाधर म्हणायचा, "येडी हाय. शिकलेली येडी."

लग्नाची धावपळ संपल्यावर ती पुन्हा आली. म्हणाली, वरच्या अंगाला स्टीलची भांडी बनवणारे कारखाने आहेत, ते पत्रा ॲसिडमध्ये धुतात आणि ते पाणी नाल्यात सोडतात असा तिला संशय आहे. त्यानं शिंपला पातळ होतो, मग आतला जीव मरतो. पण हे नुसतं म्हणून चालत नाही. वर्षानुवर्षं मोजलं पाहिजे.

"मग मोजा," मी म्हणाले.

"मी महिन्यातून दोनदा येऊ शकते. तुम्ही रोज तिथेच असता. तुम्ही मोजाल का?"

"मना लिवता येत न्हाय."

"ते नंतर बघू."

अशा आम्ही पाच जणी झालो. मी, मंदा, आणखी तिघी. शुभदाताईंनी काशीगावच्या ग्रिलवाल्याकडून हातभर रुंद लोखंडी चौकटी करून आणल्या. आम्ही त्यांना खिडकी म्हणायचो. ओहोटीला चिखलावर खिडकी टाकायची, तिच्या आत जेवढ्या तिसऱ्या असतील त्या उकरायच्या, जिवंत किती, मेलेल्या किती ते मोजायचं आणि परत पुरायच्या. पहिल्या दिवशी मंदा म्हणाली, "काढायच्या आन परत टाकायच्या? कुनाला सांगू नका गो, हसतील." गाव हसलंच.

तारीख लिहायची की तिथी, ह्यावर पहिला वाद झाला. आम्हाला तारीख ठाऊक नसायची. खाडी तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. भांगाला पाणी जेमतेम चढतं आणि जेमतेम उतरतं, नाल्यातलं पाणी जागच्या जागी कुजत राहतं. ताईंना हेच हवं होतं. त्या म्हणाल्या, "तिथीच लिहा. तारीख मी पंचांगावरून काढीन. फक्त अष्टमी महिन्यात दोनदा येते, तेव्हा पुढे अक्षर घाला. शुद्ध असेल तर शु, वद्य असेल तर व."

पहिल्या वहीवर मी अंगठा लावायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"अंगठा नको हंसाबाई. नोंद ज्याची, नाव त्याचं. तेही त्यानं स्वतः लिहिलेलं."

तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी मला आधी आकडे शिकवले, मग माझं नाव, मग तिथ्या. व पहिल्या दिवशी आला. शु काही येईना. माझा श कधी ग व्हायचा, कधी र, आणि त्याच्या पायाशी उकार लावायला गेलं की सगळंच खाली घसरायचं. चिखलात कमरेतून वाकून चाळीस वर्षं काम केलेला हात, तो त्या वेटोळ्यापाशी अडकायचा. चार दिवस बघितलं आणि मी आपली पळवाट काढली. वद्य अष्टमीला व घालायचा, शुद्धला काहीच नाही.

ताईंनी वही पाहिली. "इथे अक्षर नाही?"

"जिथं काय न्हाय तिथं शुद्ध."

त्या हसल्या. "चालेल. पण हे तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. वही कधी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली तर तिला नीट सांगा."

"सांगन."

पुढे मी सगळी अक्षरं शिकले, वर्तमानपत्राचे मथळे वाचायला लागले, पण ते एक अक्षर मी टाळलं ते टाळलंच.

ताईंच्या कॉलेजची मुलं यायची. ताई त्यांना चिखलाच्या कडेला उभं करायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांना विचारा. मी इथे विद्यार्थीच आहे." त्यातली इशिता टिकली. मीरा रोडची मुलगी, पहिल्याच दिवशी कमरेपर्यंत रुतली आणि रडायला लागली. मी तिला शिकवलं, पाय वर ओढायचा नाही, आधी टाच सैल करायची, मग बोटं. "मावशी, हे पुस्तकात कुठे नाही," ती म्हणाली. ताई म्हणाल्या, "मग तू लिही. आणि कुणी शिकवलं तेही लिही."

एकदा बांधावर चहा पिताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं. त्या म्हणाल्या, "मला कुणी शिकवलं नाही. मला कामाला लावलं. सात वर्षं मी आमच्या सरांसाठी खाडीखाडीतून चिखल गोळा केला. पुस्तक निघालं तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. आत आभारसुद्धा नव्हते." एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. पण आमच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर आमची नावं आमच्याच अक्षरात होती, आणि इशिताच्या छापलेल्या पहिल्या लेखात आम्हा पाचही जणींची नावं आली. मंदानं ते पान लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं.

२०१६ च्या गणपतीत लीलाधरला अर्धांगाचा झटका आला. त्याला उठवणं, बसवणं, भरवणं ह्यातून मला खाडीवर जाणं होईना. ताई म्हणाल्या, वही मंदाकडे द्या. मंदा चौथी पास. तिचं अक्षर सुरेख. मी वही तिच्या हातात दिली.

"वयनी, हे कुठं व लिवलाय, कुठं न्हाय. काय हाय ते?"

आता सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागलं असतं की मला शु काढता येत नाही. मंदा घरात आल्यापासून कुठलाही कागद आला की तीच वाचून दाखवायची, आणि मी चुलीपाशी बसून ऐकायची. पहिल्यांदा माझी वही पुढे होती आणि ती माझ्याकडून वही घेत होती.

"बघ, समजल तुना," मी म्हणाले आणि लीलाधरच्या खोलीत गेले.

लीलाधर पुढच्या शिमग्याआधी गेला. मी खाडीवर परतले ते २०१८ साली. मंदाच्या भरलेल्या वह्या ताईंकडे गेल्या होत्या, मी त्या पाहिल्या नाहीत. इशितानं त्या संगणकात उतरवल्या. इशितानं म्हणे विचारलं होतं, मूळ वह्या एकदा तपासूया का. ताई म्हणाल्या होत्या, "हंसाबाईंच्या हाताखालची वही तपासायची गरज नाही."

दिवस वाईटच येत गेले. खिडकीत पूर्वी चाळीस-पन्नास निघायच्या त्या वीसवर आल्या. आमच्यातल्या दोघी टॉवरमध्ये धुण्याभांड्याला लागल्या. ताई निवृत्त झाल्या, त्याच वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. तरी त्यांनी अर्ज सोडला नाही. नाल्याचं तोंड बंद व्हावं, कारखान्यांनी पाणी साफ करूनच सोडावं म्हणून त्यांनी आमच्या पाच जणींच्या सह्यांनी अर्ज केला होता, आणि शेवटी त्यावर समिती बसली. २०२३ च्या फेब्रुवारीत सुनावणी लागली.

आम्ही लग्नाची लुगडी नेसून दोन रिक्षांतून गेलो. ताईंच्या डोक्याला रुमाल होता, केस गेले होते. टेबलापलीकडे तीन साहेब, अलीकडे कारखान्यांचा वकील. वकील तरुण, बोलायला सभ्य. ताई तासभर उभ्यानं बोलल्या. दहा वर्षांची मोजणी, अष्टमीच्या भांगाला मरणाऱ्या तिसऱ्या, त्या तारखांना कारखान्यांत झालेली धुलाई. साहेब मान हलवत होते. मंदानं माझा हात दाबला. "झाला गो आपला काम."

मग वकील उठला. त्याच्या हातात वह्यांच्या झेरॉक्स होत्या.

"मॅडम, तारखा तुम्ही तिथीवरून काढल्यात?"

"हो."

"ह्या वहीत २०१६ चा कार्तिक बघा. एक अष्टमी, अक्षर नाही. म्हणजे शुद्ध, अशी तुम्हीच अर्जासोबत टीप दिली आहे. पंधरा दिवसांनी दुसरी अष्टमी. पुन्हा अक्षर नाही. एका महिन्यात दोन शुद्ध अष्टम्या?"

ताईंनी कागद हातात घेतला.

"पुढे बघा. माघात दोन वद्य अष्टम्या. आणि ही पौर्णिमा, हिच्यापुढेही व आहे. वद्य पौर्णिमा मॅडम? माझी आजी असती तर तिला विचारलं असतं."

साहेबांपैकी एक हसला. मागच्या बाकावरची माणसं हसली. ताई कागद उलटत होत्या, एक, मग दुसरा, मग तिसरा. त्यांनी मान वर केली आणि आमच्या रांगेकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे बघितलं. उभं राहून चार शब्द बोलायचे होते. तेवढंच. माझे पाय त्या गुळगुळीत फरशीवर रुतल्यासारखे झाले होते.

"ही वही कोणी लिहिली?" मधल्या साहेबांनी विचारलं.

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "वह्या तपासणं माझं काम होतं. मी ते केलं नाही."

"प्रश्न तो नाही. दोन वर्षं अशी असतील तर बाकीच्या आठ वर्षांवर विश्वास कसा ठेवायचा?"

त्यावर ताई बराच वेळ बोलल्या, पण आता कुणी मान हलवत नव्हतं. नोंदी बाजूला ठेवण्यात आल्या. नाला होता तसा राहिला.

बाहेर चहाच्या टपरीपाशी आम्ही उभ्या राहिलो. तेव्हा मंदा म्हणाली, आणि तिच्या मनात काही नव्हतं, ती खरंच विचारत होती.

"वयनी, व म्हंजे वाराच ना? वारा सुटला की मी व लिवायची. न्हाय सुटला तर न्हाय."

ताईंनी हातातला ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. मंदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"हंसाबाई, तुम्ही हिला सांगितलं नव्हतं?"

"न्हाय."

"का?"

"लाज वाटली. मना शु काढता येत न्हाय. तिला चौथीपर्यंत शाळा हाय."

इशिता माझ्याकडे बघत राहिली. तिचं सगळं शिक्षण त्या नोंदींवर उभं होतं. ताई म्हणाल्या, "इशिता, रिक्षा बघ. मला घरी जायचंय."

चार महिने त्या मोरव्याला आल्या नाहीत. मी मोजणी चालू ठेवली. कशासाठी ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मंदा माझ्याशी बोलायची बंद झाली. तिनं ते लॅमिनेट केलेलं पान काढून कपाटात घातलं.

जूनमध्ये मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. आत्मारामभाऊंनी दार उघडलं. "पाच मिनिटंच बसा हं, थकतात." ताई पलंगावर होत्या, मनगटं काटकीसारखी. मी खाली बसायला गेले तर म्हणाल्या, "खुर्चीवर बसा."

मी म्हणाले, "ताई, मी थितं उठून सांगाया पाहिजे होतं."

"हो. पाहिजे होतं."

पंखा फिरत होता. मी वाट बघत होते की त्या म्हणतील, जाऊ दे.

"मला राग आहे हंसाबाई," त्या म्हणाल्या. "नाही असं मी म्हणणार नाही. दहा वर्षं गेली. इशिताची पाच. मला आता दुसरी दहा वर्षं मिळणार नाहीत."

"माझा नाव का न्हाय सांगितला तवा?"

"नोंद ज्याची, नाव त्याचं. आणि तपासणी ज्याची, चूक त्याची. ती माझीच." त्यांनी डोळे मिटले. "पण तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं की शु येत नाही. त्यासाठीच मी ओट्यावर बसत होते."

आत्मारामभाऊ दारात आले. मी उठले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. पण श्रावणात इशिता आली, हातात छापलेल्या पाच नव्या वह्या. ती अजून माझ्याशी तुटक बोलत होती.

"मॅडमनी दिल्यात. स्वतः आखल्या. बेडवर बसून."

मी उघडून पाहिलं. तारखेचा रकाना होता, तिथीचा होता. तिथीपुढे दोन अक्षरं छापलेली होती, शु आणि व. जे असेल त्याला फक्त गोल करायचा. आणि शेवटी, शेऱ्याच्या आधी, एक नवा रकाना होता. वारा: आहे, नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, मंदामावशीनं दोन वर्षं वारा लिहिलाय. तिथल्या वाऱ्याची एवढी नोंद दुसऱ्या कुणाकडेच नाही. तर तो सोडायचा नाही." इशिता पहिल्यांदा जराशी हसली. "आणि म्हणाल्या, मावशी चुकल्या असतील, पण वहीही चुकीची आखलेली होती. जातेय मी. भांगाला येईन."

मी वही मंदाच्या घरी नेली आणि तो रकाना तिला दाखवला. तिनं तो दोनदा वाचला.

"माझा वारा?"

"तुजाच."

दुसऱ्या दिवशी ती खिडकी घेऊन माझ्या आधी बांधावर उभी होती.

डिसेंबरात, मंगळवारी सकाळी इशिताचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. अकराला नेणार होते. त्या दिवशी अष्टमी होती, आणि अष्टमीची ओहोटी बाराची. मंदा म्हणाली, "तू जा वयनी, मी मोजतंय." मी दारात उभी राहून चपला घातल्या, परत काढल्या. आज गेले तर ही अष्टमी वहीत रिकामी राहणार नव्हती, मंदा भरणार होती. तरी मी तिच्याबरोबर खाडीवरच गेले. ताईंच्या घरी ज्या बायका जमल्या असतील त्यांना मी ओळखत नव्हते. मला इथलंच काम येत होतं.

टाच सैल केली, मग बोटं. खिडकी टाकली. चौदा निघाल्या. पाच जिवंत, नऊ मेलेल्या. मंदानं तोंड वर करून बघितलं आणि म्हणाली, "वारा न्हाय." मी पाचही परत पुरल्या.

बांधावर बसून वही मांडीवर घेतली. तारीख घातली. अष्टमी. व ला गोल केला. मग शेऱ्याच्या रकान्यात नाव लिहायला घेतलं आणि पहिलंच अक्षर ते आलं. मंदा शेजारी होती. मी तिला म्हणाले, "काढून दाव." तिनं ओल्या चिखलात बोटानं मोठा शु काढला, मी तो दोनदा गिरवला आणि मग वहीत उतरवला. उकार जरा खाली घसरला. बाकीचं नाव सरळ आलं.

शुभदा आत्माराम केळुसकर, राहणार भाईंदर पश्चिम, वय बासष्ट. कार्तिक वद्य अष्टमी, मंगळवार, ५ डिसेंबर २०२३, सकाळी साडेसहा वाजता वारल्या.